साटीन, मर्सराइज्ड, आर्ट सिल्क: चमकणाऱ्या सुती कापडाला म्हणायचं काय?

प्रश्न असा आलाय की दुकानात 'कॉटन साटीन' लिहिलेली चादर बघितली, पण साटीन म्हणजे रेशीम ना, मग ते कॉटन कसं असेल, आणि मर्सराइज्ड कॉटन म्हणजे तेच का.

तर साटीन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं नाव आहे. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो, साटीनमध्ये मात्र एक धागा सलग चार धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकाखाली दबतो, म्हणून कापडाच्या एका बाजूला लांब लांब मोकळे धागे राहतात, उजेड त्यांच्यावरून सरळ परततो आणि कापड चमकतं. उलट्या बाजूला बघा, तीच चादर मंद दिसेल. ही वीण रेशमात करा, पॉलिस्टरमध्ये करा, नाहीतर सुतात करा, वीण साटीनच. पूर्वी ती मुख्यतः रेशमात व्हायची म्हणून आपल्या डोक्यात साटीन म्हणजे रेशीम असं बसलं, आणि आता परकराचं, अस्तराचं साटीन बहुतेक पॉलिस्टरचंच असतं. इंग्रजीत या विणीच्या सुती कापडाला सॅटीन न म्हणता सटीन असा थोडा वेगळा उच्चार आहे, आपल्याकडे दोन्हीचं साटीनच झालं आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं.

शब्द चीनमधल्या च्वानजौ बंदराच्या 'झैतून' या अरबी नावावरून आला असं मानतात. आपल्याकडे त्याच्या आधीपासून 'अतलस' होताच, मूळ अरबी, अर्थ गुळगुळीत. रशियन, पोलिश आणि जर्मनमध्येसुद्धा या कापडाला अतलसच म्हणतात. इतका चांगला शब्द आपण टाकून दिला याचं मला खरंच वाईट वाटतं.

मर्सराइज्डचा विणीशी काही संबंध नाही, ती सुतावरची प्रक्रिया आहे. जॉन मर्सर नावाच्या इंग्लंडमधल्या माणसाला 1844 मध्ये दिसलं की कॉस्टिक सोड्यात सुती कापड फुगतं, दाट होतं आणि रंगही जास्त पितं, 1850 मध्ये त्याने पेटंट घेतलं, पण कापड आटायचं म्हणून गिरणीवाल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. चमक आली ती 1890 च्या सुमारास, होरेस लो याने सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पीळ पडलेला असतो, सोड्यात तो फुगून गोल आणि सरळ होतो आणि ताणामुळे तसाच राहतो, म्हणून ही चमक धुण्याने जात नाही. भरतकामाचे चमकदार सुती दोरे असेच असतात. साटीनची चादर मर्सराइज्ड सुताची असू शकते, म्हणून दोन्ही शब्द एकाच लेबलवर दिसले तर गडबडू नका.

त्याआधी चमक आणायची तर खळ द्यायची आणि कुंदी करायची, म्हणजे कापडाची घडी घालून लाकडी मोगऱ्यांनी ठोकायची. दिसायला छान, पण एका धुण्यात पुष्कळशी उतरते.

आता 'आर्ट सिल्क'. यातलं आर्ट म्हणजे कला नाही हो! आर्टिफिशियलचा तुकडा आहे तो, म्हणजे नकली रेशीम, म्हणजे मुख्यतः रेयॉन, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं. रासायनिक दृष्ट्या ते कापसाचंच भावंड, पण कापूस नाही आणि रेशीम तर नाहीच. दुकानदाराने 'आर्ट सिल्क आहे ताई' असं प्रेमाने सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा. 'सेमी पैठणी'तलं सेमीही अर्धं रेशीम आहे असं सांगत नाही, ते विचारूनच घ्यावं लागतं. 'सिको' मात्र सरळ शब्द आहे, सिल्क आणि कॉटन, दोन्ही असायलाच हवेत.

आणि खरी मिश्र कापडं वेगळीच. गुजरातमधल्या पाटणच्या पारंपरिक मश्रूत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, वीण साटीनची, त्यामुळे वर रेशीम दिसतं आणि अंगाला सूत लागतं, पुरुषांनी निव्वळ रेशीम घालू नये अशी इस्लामी मर्यादा सांभाळून, म्हणून मश्रू, म्हणजे शास्त्राने चालतं ते. आपल्या औरंगाबादचा हिमरूही सूत आणि रेशीम मिळून, किनखापासारखा, म्हणजे जरीच्या भरजरी रेशमी कापडासारखा दिसणारा. या कापडांना नकली म्हणू नये, त्यांची स्वतःची नावं आहेत तीच वापरावी.

मराठीत काय म्हणायचं, तर माझं मत असं: 'रेशमी' म्हणा, पण 'रेशमाचं' म्हणू नका. आपण केसांनाही रेशमी म्हणतो, तो गुण झाला. 'रेशमाचं' म्हटलं की धागा आला. 'सुती साटीन', 'सुती अतलस' दोन्ही चालतील. शंकाच असेल तर काठाच्या आतला एक धागा काढून जाळून बघा: केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा आला तर सूत किंवा रेयॉन, आणि वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर.