साथीच्या आराखड्यात वेगळा उल्लेख कशासाठी?

प्रश्न : तालुक्याच्या साथ-आराखड्यात आंतरलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींचा वेगळा उल्लेख असावा, असे मी सुचवले, ‘आजार लिंग पाहून येत नाही’ असे उत्तर मिळाले. मी काय सांगावे? — एक आरोग्यसेविका, सातारा जिल्हा

उत्तर : आजार पाहत नसेल, पण बंदोबस्त पाहतो. पनामात एप्रिल २०२० मध्ये स्त्रियांनी आणि पुरुषांनी वेगवेगळ्या वारीच बाहेर पडावे असा नियम झाला, तेव्हा ओळखपत्रावर ‘पुरुष’ अशी नोंद असलेल्या पारलिंगी स्त्रियांना, म्हणजे जन्मावेळी पुरुष ठरवल्या गेलेल्या पण स्वतःची ओळख स्त्री अशी असलेल्यांना, किराणा आणायलाही अडवले गेले. आंतरलिंगी व्यक्तींच्या, म्हणजे ज्यांची शरीररचना जन्मतःच स्त्री-पुरुष या ठरीव चौकटीत बसत नाही त्यांच्या बाबतीत, मला औषधाची काळजी अधिक वाटते. त्यांच्यापैकी काहींना अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या, अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा एक जन्मजात विकार असतो; त्यात हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज घ्यावी लागते, ताप आला की तिची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावी लागते, आणि टाळेबंदीत ती मिळाली नाही तर जिवावर बेतू शकते. हे औषध साठ्याच्या यादीत आजच लिहून घ्या. विलगीकरणात कोणत्या कक्षात राहायचे, हे त्या व्यक्तीलाच, चारचौघांत नव्हे तर बाजूला घेऊन विचारावे, आणि उपचाराला गरज नसेल तर शरीराची तपासणी करू नये, अशी स्पष्ट ओळही आराखड्यात घाला.