आधी कंट्रोल सप्लाय बघ

अनेक उत्तम आशीर्वाद.

महापेच्या डेटा सेंटरवर इलेक्ट्रिकल डिझाइन सांभाळायला तुला पाठवताहेत, हे कळलं. आनंद झाला आणि जरा काळजीही वाटली, कारण तुझा जीव ड्रॉइंगमध्ये रमतो. तिथे ड्रॉइंग काढायला दुसरे आहेत. कुठला निर्णय कधी पक्का व्हायला हवा, हे तुला बघायचंय.

पहिलं म्हणजे एसएलडी (सगळ्या वीजजोडणीचा एकरेषी आराखडा) फ्रीज करून घे. ट्रान्सफॉर्मर, एचटी (उच्च दाबाचं) पॅनेल, डीजी (डिझेल जनरेटर) यायला महिनोन् महिने लागतात, त्यामुळे ऑर्डरी फार लवकर जातात. त्यानंतर क्लायंट सहज म्हणतो, 'सर्व्हरच्या रॅकला ६ किलोवॅटऐवजी १० धरा.' बसडक्ट (मोठा करंट नेणाऱ्या पट्ट्या), केबल, रिले कोऑर्डिनेशन (बिघाडात कुठला ब्रेकर आधी पडेल याची जुळणी), चिलर, डिझेलची टाकी, सगळं नव्याने मांडावं लागतं. थेट नाही म्हणू नकोस. वेळ आणि पैसा किती वाढेल ते लिहून दे, सही घे, मगच रिव्हिजन. तोंडी होकारावर जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंग सोडायचं नाही.

आता खरी मेख. टिअर ३ (डेटा सेंटरच्या भरवशाची श्रेणी) म्हणजे कुठलंही एक उपकरण देखभालीसाठी बंद केलं, तरी लोड चालू राहिला पाहिजे. एसएलडीवर वीज पुरवणाऱ्या ए आणि बी या दोन बाजू छान वेगळ्या दिसतात. पण ब्रेकर ट्रिप व्हायला डीसी सप्लाय लागतो, तोच कंट्रोल सप्लाय. दोन्ही बाजूंना तो एकाच बॅटरी चार्जरवरून आलाय का? डिझेल चढवणारे दोन्ही पंप एकाच पॅनेलवर आहेत का? डीजी सिंक्रोनायझिंगचा (जनरेटर एकमेकांशी जुळवून जोडण्याचा) पीएलसी, म्हणजे कंट्रोलर, एकच आहे का? कंट्रोल स्कीम (ब्रेकर चालवणारं वायरिंग) पॅनेलवाल्याची, केबल कॉन्ट्रॅक्टरची, त्यामुळे कन्सल्टंट तिकडे फारसा फिरकत नाही. एका संध्याकाळी ती वायरिंग ड्रॉइंग टेबलावर पसर आणि प्रत्येक एमसीबीवर (छोट्या ब्रेकरवर) बोट ठेवून विचार, ही पाडली तर काय काय बंद पडेल?

डीजीचं रेटिंगही नीट वाच. टिअर ठरवणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या लेखी ग्रिड ही निव्वळ स्वस्तातली सोय. भरवशाचा स्रोत म्हणजे डीजी, तोही किमान १२ तासांच्या इंधनासह. (महावितरणवाल्यांसमोर हे बोलू नकोस.) म्हणून तासांची मर्यादा असलेलं 'स्टँडबाय' रेटिंग तिथे चालत नाही. डेटाशीटवर मोठ्या अक्षरात बहुधा तोच आकडा असतो, कारण तो जास्त दिसतो.

केबलच्या ट्रे आणि शाफ्टचं तुला सांगायला नको, मॉडेलमध्ये दिसेलच.

पॅनेलच्या एफएटीला (फॅक्टरीतल्या चाचणीला) मात्र स्वतः जा. रिपोर्टवर सही करण्याआधी एका बाजूचा कंट्रोल सप्लाय काढायला लाव आणि दुसरी बाजू ब्रेकर पाडते-उचलते का, ते समोर उभं राहून बघ. फॅक्टरीत वायर बदलायला तासभर पुरतो. साइटवर एकदा पॅनेल चार्ज झालं, की त्याच वायरसाठी शटडाउन, परमिट आणि चार जणांची मनधरणी.

कंट्रोल स्कीमची पीडीएफ पाठव. रविवारी सकाळी मोकळा आहे, फोनवर बसून बघू.