मॉर्गन डॉलर : किती पाडले यापेक्षा किती उरले ते पाहा

मावशींनी अमेरिकेहून आणलेल्या मॉर्गन डॉलरांवरून, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलर नाण्यांवरून, आपल्याला या नाण्यांची गोडी लागली, आता त्यांतली दुर्मिळ साले जमवायची आहेत आणि कोणीतरी 1893 सालचा ‘एस’ चिन्हाचा डॉलर अगदी स्वस्तात देऊ करत आहे, असा आपला प्रश्न आहे. उत्तर थोडे लांबेल.

प्रथम नाणे उलटून गरुडाखालच्या पर्णचक्राची गाठ पाहावी. तिच्या खाली टांकसाळीचे चिन्ह असते: ‘एस’ असल्यास सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ असल्यास न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ असल्यास कार्सन सिटी, आणि काहीच नसल्यास बहुतेक फिलाडेल्फिया. साल आणि हे चिन्ह मिळूनच नाण्याची किंमत ठरते, नुसत्या सालाने नाही.

नवखे संग्राहक टांकसाळीने किती नाणी पाडली याचे आकडे पाठ करतात, पण ते फसवे असतात, कारण 1918 च्या पिटमन कायद्यानुसार 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांत कोणत्या सालाचे किती होते याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानासाठी घेतली, कारण महायुद्धाच्या त्या काळात इथे लोक नोटा देऊन रोख रुपये मागू लागले होते आणि सरकारी तिजोरीतली चांदी आटत चालली होती. घरातल्या जुन्या पेटीत पंचम जॉर्जचा 1919 चा रुपया असेल, तर त्यात एखाद्या मॉर्गन डॉलरची चांदी मिसळलेली असणे अगदी शक्य आहे.

शिवाय 1884 चे ‘एस’ डॉलर 32 लाख पाडले गेले तरी बहुतेक वापरात आल्याने न वापरलेले नाणे आज भल्याभल्यांना परवडत नाही. उलट त्याच वर्षीचे ‘सीसी’ डॉलर जेमतेम साडेअकरा लाख असूनही त्यांतले बहुसंख्य अमेरिकी सरकारच्या तिजोरीत पडून राहिले, 1970 च्या दशकात विक्रीला आले आणि आजही कोऱ्या अवस्थेत सहज मिळतात. 1903 चा ‘ओ’ डॉलर तर अतिदुर्मिळ मानला जाई, आणि 1962 मध्ये तिजोरीतून त्याच्या थैल्याच बाहेर पडल्यावर भाव कोसळला.

आता आपला 1893 चा ‘एस’. एक लाखच पाडलेले हे नाणे या मालिकेतले सर्वांत हवेसे, त्यामुळे फिलाडेल्फियाच्या 1893 च्या नाण्यावर ‘एस’ चिकटवणे किंवा 1898 च्या ‘एस’ नाण्यातल्या आठाचा तीन करणे, हे दोन्ही उद्योग जुने आहेत. मात्र अस्सल नाण्यांची दर्शनी बाजू एकाच साच्यातली असल्याने केसपट्टीवरील ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर बारीक, तिरपी, उठावाची रेघ असते. ती भिंगाखाली शोधावी. फार झिजलेल्या नाण्यावर ती पुसट होते, पण मग नुसत्या डोळ्यांवर विसंबून पैसे देऊच नयेत. वजन 26.73 ग्रॅम आणि व्यास 38.1 मिलिमीटर यांच्याशी ताडून पाहावे, तथापि वर सांगितलेल्या दोन्ही लबाड्या खऱ्या नाण्यावरच केलेल्या असल्याने वजनकाटा त्या पकडणार नाही. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतले नाणे असेल तरच पुढे बोलावे, आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या छायाचित्राशी जुळवावा, कारण हल्ली डब्याही बनावट निघतात. विक्रेता ‘टी’चा जवळून काढलेला फोटो द्यायला कुरकुरत असेल, तर व्यवहार तिथेच सोडावा आणि त्या पैशात 1884 चा एक चांगला ‘सीसी’ घ्यावा.