'समावेशन' की 'सामावून घेणं'?

प्रश्न असा आलाय: इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजावरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. मूळ लेखात 'सोशल इन्क्लूजन' आणि 'एथ्निक एक्सक्लूजन' हे शब्द पानोपानी येतात. त्यांना 'सामाजिक समावेशन' आणि 'वांशिक वगळणूक' असं लिहिलं. चूक कुठेच सापडत नाही, पण मराठी वाचवत नाही. दुसरे शब्द आहेत का?

आहेत, आणि बरेच आहेत. मात्र मूळच्या प्रत्येक जागी एकच शब्द चिकटवत गेलात तर तेही असेच निर्जीव वाटतील. 'समावेशन' परिपत्रकात शोभतं. 'आर्थिक समावेशन' बँकांनी रुळवलंच आहे. पण त्यात कोण कोणाला आत घेतंय, याचा पत्ता लागत नाही. मराठीत ही खबर क्रियापद देतं, म्हणून नामाच्या मागे न लागता क्रियापद शोधा.

'समावेश' आणि 'सामावणे' कानाला जवळचे वाटतात, पण घराणी वेगळी. 'समावेश'मध्ये 'विश्' म्हणजे शिरणे हा धातू आहे, 'प्रवेश'मधलाच. यादीत, अभ्यासक्रमात, मंत्रिमंडळात समावेश होतो. कोणीतरी अधिकाराने नाव लिहितो आणि काम संपतं. 'सामावणे' जवळचं आहे 'मावणे'ला. तिथे प्रश्न जागेचा असतो, आणि 'सामावून घेणे' म्हटलं की आधी बसलेल्यांना थोडं सरकावं लागतं. तुमच्या लेखाचा विषय नेमका या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडतो, म्हणून तो थोडा उलगडून बघू.

बेने इस्राएल म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले, आताच्या रायगडातले, मराठी बोलणारे ज्यू. गावावरून आडनावं: पेणकर, रोहेकर, किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकऱ्यांनी दिलेलं नाव 'शनवार तेली'. 1948 नंतर यातले बहुतेक लोक हळूहळू इस्राएलला गेले. तिथल्या 1950च्या 'परतीच्या कायद्या'नुसार ज्यू माणसाला येऊन राहण्याचा हक्क आहे आणि 1952च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्याला नागरिकत्वही आपोआप मिळतं. म्हणजे समावेश झाला, आणि तोही जवळपास बिनशर्त. (त्याच 1952च्या कायद्याने तिथल्या अरबांना मात्र सलग वास्तव्याचे पुरावे मागितले, ते नसलेले अनेक जण 1980च्या दुरुस्तीपर्यंत नागरिकत्वाबाहेर राहिले. ही ओळ लेखात असेल तर तिथे 'वगळणे' हेच क्रियापद लावा. यादी करणाऱ्यानेच नावं गाळली होती.)

सामावून घेणं मात्र रखडलं. 1951-52मध्ये काही बेने इस्राएलींनी भेदभावाची तक्रार करत धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काहींना विमानाने मुंबईला परत पाठवलंही. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इस्राएलला गेले, हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. इथेच एक शब्द जपा. हिब्रूत तिथे येऊन वसण्याला 'आलिया' म्हणजे चढण म्हणतात, येणारा तो 'ओले', आणि सोडून जाणारा 'योरेद', उतरलेला. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी 'स्थलांतरित' लिहिलंत तर मूळचा चढ-उतार सपाट होईल. एकदा 'ओले' समजावून द्या आणि तोच शब्द वापरा.

खरी कसोटी लग्नाची होती. इस्राएलमध्ये ज्यूंचं लग्न धर्मपीठाकडेच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेकडेच लागतं, नोंदणी लग्नाची सोय नाही. 1962मध्ये मुख्य धर्मपीठाने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्राएल व्यक्तीला समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर तिच्या आईकडचं कूळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासा. शंका ही, की भारतात या लोकांनी घटस्फोटाचे आणि निपुत्रिक विधवेच्या दिराशी विवाहाचे धर्मनियम नीट पाळले होते का. समाजाचं म्हणणं, आमच्यात घटस्फोट जवळपास होतच नव्हते. 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, ऑगस्टमध्ये संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये चर्चा झाली, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने धर्मपीठावर दबाव आणला, आणि सूचनांमधून 'बेने इस्राएल' हे नाव काढलं गेलं. ज्याच्याबद्दल शंका असेल त्याची चौकशी, इतकंच उरलं.

आता या प्रसंगाला 'वांशिक वगळणूक' म्हणाल? नागरिक तर ते होतेच, त्यांना कुठून वगळलं नव्हतं. सोयरिकीच्या वेळी आडवं आलं, कूळ विचारलं. मी 'डावलणे' सुचवेन: हक्क आहे, पण पाळी आली की बाजूला सारतात. 'वाळीत टाकणे' इथे बसत नाही, कारण वाळीत टाकायला माणूस आधी आपल्यातला असावा लागतो. महाराष्ट्राचा 2016चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही जातपंचायतींसारख्या आतल्याच लोकांच्या दंडेलीवर बेतलेला आहे. बाहेरून आलेल्याला वाळीत टाकत नाहीत, त्याला थारा देत नाहीत. 'थारा न देणे' हाही तुमच्या उपयोगाचा वाक्प्रचार आहे, जिथे घर किंवा काम नाकारल्याचा उल्लेख असेल तिथे.

'एथ्निक'साठी सरसकट 'वांशिक' लिहू नका. 'वंश' म्हटलं की मराठी वाचकाला कातडीचा रंग आणि नाकाची ठेवण आठवते. धर्मपीठाच्या सूचनांपुरतं 'कुळावरून' म्हणा. वागणुकीतल्या भेदभावाला, 'भारतीय म्हणून' किंवा 'रंगावरून', जे मूळ लेखात असेल ते. एक अडचणीची जागाही सांगून ठेवतो, कारण ती लेखात येणार हे जवळपास नक्की: कोकणात असताना बेने इस्राएलींच्या आतच 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असे भाग होते. आई बाहेरची असलेल्यांची संतती ती 'काळी', आणि गोऱ्यांची त्यांच्याशी सोयरीक होत नसे. हे शब्द मराठीच आहेत, त्यांचं सौम्य भाषांतर करायला जाऊ नका. पुढे ज्यांचं कूळ तपासलं गेलं, त्यांनी हेच माप आधी घरात वापरलं होतं. मूळ लेखक ही बाब तळटीपेत ढकलत असेल तर अनुवादकाला ती वर आणता येणार नाही, पण निदान शब्द तरी पुसट होऊ देऊ नका.

राहिलं नव्या पिढीचं. दिमोना, अश्दोद, लोद, रामले या इस्राएली शहरांत वाढलेल्यांबद्दल 'समावेशन पूर्ण झाले' असं वाक्य आलं, तर ते कर्त्याप्रमाणे फिरवा. माणसं स्वतः करतात ते 'रुळणे', 'मिसळणे'. इतरांनी करायचं ते 'सामावून घेणे'. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य करणारं आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवणारं माणूस तिथे रुळलेलं असतं, पण विरघळलेलं नसतं, त्यामुळे 'सात्मीकरण', म्हणजे पुरतं एकरूप होऊन जाणं, तर अजिबात नको. शीर्षकात किंवा सूचीत पारिभाषिक शब्द लागतोच म्हणून 'सामाजिक समावेशन' तिथे राहू द्या. मजकुरात तो आला की 'कोणी?' असं विचारून बघा, आणि उत्तर मिळेल ते वाक्यात कर्ता म्हणून लिहा.