खाणीतला कायदा कोणाच्या सहीने चालतो?

नाशिकच्या सातपूरहून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावीला शास्त्र शाखेत आहे. दिवाळीत ती चंद्रपूरकडे कोळसा खाणीत नोकरीला असलेल्या मामांकडे राहून आली आणि तेव्हापासून तिने खाण अभियांत्रिकीचा हट्ट धरला आहे. वडील विचारतात, "बायकांना खाणीत उतरायला कायद्यानेच बंदी आहे ना? मग या पदवीचा उपयोग काय? त्यापेक्षा तिने वकिली शिकून खाणकामगारांच्या सुरक्षेसाठी लढावे, हे बरे नाही का?"

सप्रेम नमस्कार.

आपण ऐकलेली बंदी खरी होती. 1952 च्या खाण कायद्यातील कलम 46 ने स्त्रियांना भूमिगत कामाला मनाई केली होती आणि जमिनीवरच्या कामालाही सकाळी 6 ते सायंकाळी 7 एवढीच मुभा होती. जानेवारी 2019 मधील अधिसूचनेने हे दार किलकिले झाले: तांत्रिक, पर्यवेक्षकीय किंवा व्यवस्थापकीय पदावरील स्त्रियांना, त्यांची लेखी संमती असेल आणि किमान तिघींचा गट असेल तर, दिवसा खाली उतरता येऊ लागले. 2021 मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधील चुरी येथील भूमिगत कोळसा खाणीत अभियंता म्हणून रुजूही झाल्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक 2020 ची संहिता लागू झाली. जुना खाण कायदा तिच्यात सामावला गेला आणि संमती व सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना सर्व प्रकारची कामे खुली झाली. आता अडचण उरली आहे ती कामाच्या वेळांची, म्हणजे शिफ्टची, आणि आडगावच्या बदल्यांची. ती किरकोळ आहे असे मी म्हणणार नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे, कारण त्यात एक गैरसमज आहे. वकिलाकडे खाणीचे प्रकरण येते ते बहुधा अपघात झाल्यावर. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामातले पाणी फुटून आत आले आणि 375 माणसे गेली. अशा जुन्या खोदकामापासून 60 मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय काम नेऊ नये, असा नियम आहे. पण नकाशावर ते अंतर मोजतो तो खाणीचा सर्वेक्षक आणि काम पुढे न्यायचे की थांबवायचे हे ठरवतो तो व्यवस्थापक.

कोळसा खाणींचे नियम वाचले तर ते कलमांपेक्षा मोजमापांनीच भरलेले दिसतात. सर्वांत मोठ्या पाळीतील दर माणशी मिनिटाला किमान 6 घनमीटर हवा पोहोचली पाहिजे, त्या हवेत प्राणवायू 19 टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि ज्वलनशील वायू सव्वा टक्क्यावर गेला की वीजपुरवठा तोडलाच पाहिजे. मामांनी तिला सांगितलेही असेल की पाळी सुरू होण्याआधी हातात वायुमापक घेऊन फिरणाऱ्या सरदाराने, म्हणजे खाणीतल्या मुकादमाने, "ठीक" म्हटल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकत नाही. तो सरदार, त्याच्यावरचा ओव्हरमन आणि सर्वांवरचा व्यवस्थापक या प्रत्येकाजवळ त्या कामाचे सक्षमता प्रमाणपत्र असावे लागते आणि चूक झाली तर कंपनीबरोबर त्यांनाही वैयक्तिक जाब द्यावा लागतो. या परीक्षा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीत होतात. खाण थांबवण्याचा आदेश देऊ शकणारे त्यांचे निरीक्षकही अभियंतेच असतात.

म्हणून मुलीला खरोखर सुरक्षेचेच काम करायचे असेल, तर मी खाण अभियांत्रिकीच्या बाजूने आहे. पदवी मिळाल्यावर प्रत्यक्ष खाणीतला अनुभव घेऊन तिने प्रथम श्रेणी व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र मिळवावे. त्याशिवाय नुसत्या पदवीला या क्षेत्रात फारसे वजन नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईई मेन, तर धनबाद आणि खरगपूरच्या आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागेल. वकिलीची वाट त्यानंतरही बंद होत नाही. पदवीनंतरचा तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहेच, आणि वायुवीजनाचा नकाशा वाचता येणारा वकील कामगार संघटनांना सोन्यासारखा वाटेल.

निर्णयापूर्वी एक गोष्ट नाशिकमध्येच करता येईल. सारूळच्या डोंगराकडे दगडखाणी आहेत. त्यांना आपण खाण म्हणत नाही, पण कायद्याचे तसे नव्हते. 1952 च्या कायद्याने खडी-मुरमाच्या उघड्या खोदकामाला बरीच सूट दिली होती, ती मात्र खोली 6 मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी 50 हून अधिक माणसे नसतील आणि सुरुंग लावला जात नसेल तरच. सुरुंगाचा भोंगा वाजला की ती सूट संपली. शिवाय अठरा वर्षांखालील मुलांना कामावर न ठेवण्याचे बंधन सूट मिळालेल्या ठिकाणीही कायमच होते. मालकाची परवानगी घेऊन मुलीला अशा एखाद्या खाणीवर सुरुंगाच्या दिवशी न्या, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि सुरुंग लावणाऱ्याचे प्रमाणपत्र कोणते, ते तिलाच विचारू द्या. धूळ, आवाज आणि उन्हात तासभर उभे राहूनही ती प्रश्न विचारत राहिली, तर जेईईनंतर प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना खाण अभियांत्रिकी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर ढकलू नका.