शेतीच्या खेळाला शेवटच नाही, मग लोक वर्षानुवर्षं का खेळतात?

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये जिंकणं-हरणं नाही, तरी माणसं त्यात का रमतात आणि तुमचे पैसे पहिल्याच वसंतात का संपतात, असं तुम्ही विचारलंय.

एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला हा खेळ 2016 मध्ये आला. ऋतू 28 दिवसांचा, आणि खेळातला पूर्ण दिवस आपल्या सुमारे 14 मिनिटांचा. पार्सनिप (गाजरासारखं एक कंदमूळ) 4 दिवसांत, बटाटा 6 दिवसांत, फ्लॉवर 12 दिवसांत तयार होतो. काहीतरी कायम उद्यावर आलेलं असतं, म्हणून हातातला खेळ बंद करवत नाही.

पण माझ्या मते खरी ओढ खात्रीची आहे. सोलापूर बाजार समितीत कांदा नेणाऱ्याला दर कळतो तो लिलावात. खेळात 20 नाण्यांच्या बियाचं साधं पार्सनिप 35 ला जातं, आज विका की दोन वर्षांनी. टीव्हीने उद्या पाऊस सांगितला की तो पडतो, आणि त्या दिवशी झारी उचलावी लागत नाही. अवर्षणाच्या पट्ट्यातल्या माणसाला याचं मोल लगेच कळतं.

आता तुमचे पैसे. सुरुवातीला 500 नाणी आणि 15 पार्सनिपचं बी मिळतं. बहुतेक जण सगळ्या पैशांचं बी घेतात, तिथेच घोळ होतो. एक जागा खणायला 2 शक्ती, पाणी द्यायला 2. म्हणजे 40 रोपांना पहिल्याच दिवशी दिवसभराच्या 270 पैकी 160 शक्ती गेली. लाकडं तोडायला काय उरणार? शिवाय 16 रोपं झाली की कावळे यायला लागतात. बुजगावण्याला 50 लाकूड, 20 तंतू, 1 कोळसा लागतो, आणि शेतीची पहिली पातळी गाठल्याशिवाय ते बनवताच येत नाही. म्हणून आधी ते 15 पार्सनिपच लावा. ते काढले की पातळी मिळते, मग लागवड वाढवा.

फ्लॉवर वसंताच्या 16 तारखेनंतर लावू नका, ऋतू बदलला की उभं पीक मरतं. 13 तारखेच्या अंडी-उत्सवासाठी पैसे राखून ठेवा. तिथे स्ट्रॉबेरीचं बी 100 ला मिळतं. त्याच रात्री लावून पाणी दिलं तर वसंतात दोन तोडे होतात.

आणि कॉम्प्युटरवर खेळ झोपल्यावरच सेव्ह होतो. उन्हाळ्यात दुपारी वीज जात असेल आणि यूपीएस नसेल, तर तो अख्खा दिवस पुन्हा खेळावा लागेल.