घरच्या छोट्या जलविद्युत संचासाठी कमी देखभालीचा जनरेटर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: घराजवळच्या ओढ्यावर १८ मीटर उंचीचा उतार, सेकंदाला ६ लिटर बारमाही पाणी, टर्बाइनच्या जागेपासून घर १२० मीटर. गाडीचा जुना ऑल्टरनेटर (गाडीची बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फुकट मिळतोय, तो लावावा की दुसरं काही? वर्षातून एकदा-दोनदा बघायला हरकत नाही, पण दर आठवड्याला पाना घेऊन खाली उतरायचं नाही.

ऑल्टरनेटर नको. मी स्वतः तिथूनच सुरुवात करून पस्तावलोय.

गाडी एक लाख किलोमीटर धावते तेव्हा, ताशी ५० ची सरासरी धरली तर, तिचा ऑल्टरनेटर २,००० तास फिरलेला असतो. ओढ्याला रात्र नाही की सुट्टी नाही. तेवढे तास तिथे ८४ दिवसांत भरतात. वर्षाचे ८,७६०. माझा पाचव्या महिन्यात बंद पडला. उघडला तर कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) नखाएवढे उरलेले, आणि त्यांची काळी पूड ओलाव्यात कालवून, ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंगभोवती काजळासारखी थापलेली. ब्रश बदलले, काही महिन्यांनी पुन्हा तेच. शिवाय त्याच्या फील्डला, म्हणजे आतल्या विद्युतचुंबकाच्या वाइंडिंगला, तीन-चार अँपिअर सतत लागतात, म्हणजे चाळीसेक वॅट घराला मिळायच्या आधीच गेले.

आणि तुमच्याकडे उधळायला फार नाही. लिटर गुणिले मीटर गुणिले ५, हा ढोबळ हिशेब: ५४० वॅट. (५ च्या जागी खरं तर ९.८१ हवेत, उरलेलं पाइप, टर्बाइन आणि जनरेटर मिळून खातात.) आकडा किरकोळ वाटतो, पण चोवीस तास चालू असल्याने दिवसाचे जवळजवळ १३ युनिट होतात.

तर ब्रशवालं काहीच नको, जुनी डीसी मोटरसुद्धा नको. उरतात दोन: कायम चुंबकाचा जनरेटर आणि साधी थ्री-फेज इंडक्शन मोटर, उलटी वापरलेली, म्हणजे पाण्याने फिरवून तिच्यातून वीज काढायची. दोन्हींत झिजणारा भाग एकच, बेअरिंग. म्हणून मी निवड बेअरिंगकडे बघून करतो: तुमच्या हातातल्या अवजारांनी ते बदलता येईल का?

कायम चुंबकाचा जनरेटर कमी वेगातही चांगली वीज देतो, आणि घर जवळ असेल, बॅटरी लावायची असेल तर मीही तोच घेईन. फिशर अँड पायकेल कंपनीच्या वॉशिंग मशीनच्या मोटरी लोक यासाठी वर्षानुवर्षं वापरतात, आणि छान चालतात. पण बेअरिंग बदलायला रोटर (चुंबकांचा फिरता भाग) काढताना तो इतक्या जोरात स्टेटरवर (वाइंडिंगच्या स्थिर भागावर) जाऊन आपटतो की मधे बोट आलं तर गेलंच. माझं नख दीड महिना काळं होतं. दुसरं, ओढ्याच्या पाण्यात काळी लोहयुक्त वाळू असेल तर ती चुंबकाला जाऊन चिकटते आणि फटीत घासत राहते. शिवाय सोलर पॅनल जसं बिनधास्त तोडता येतं तसा इथे लोड (वीज खाणारी उपकरणं) सरळ काढून टाकला तर चाक जवळजवळ दुप्पट वेगाने पळतं, व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं, आणि कंट्रोलर गेला म्हणून समजा.

तुमच्या १२० मीटरमुळे माझं मत इंडक्शन मोटरकडे झुकतं. १२ व्होल्टवर ५४० वॅट म्हणजे ४५ अँपिअर. जाऊन-येऊन २४० मीटर, १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतही हिशेबाने साडेअठरा व्होल्ट पडतात. म्हणजे होते त्यापेक्षा जास्त! तेच २३० व्होल्टवर नेलं तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत चार व्होल्टच पडतात.

मोटर घेताना लेबलवर २३०/४०० लिहिलेली, ४-पोलची (५० हर्ट्‌झवर साधारण १,५०० फेऱ्यांची) बघा. म्हणजे डेल्टा जोडणीत (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) ती २३० ची होते. एका वाइंडिंगवर एक कपॅसिटर, दुसऱ्यावर त्याच्या दुप्पट, अशी जोडणी केली की थ्री-फेज मोटरमधून सिंगल फेज मिळते. या पद्धतीत मोटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही, तुम्हाला ०.७५ किलोवॅट पुरेल, मी १.१ घेईन, थंड राहते. फिरण्याची दिशा आणि जोडणीचा क्रम जुळला नाही तर वाइंडिंग तापतं, तेव्हा पहिल्या तासात हात लावून बघत राहा. कपॅसिटर रनिंगचेच घ्या. स्टार्टिंगचे काही मिनिटांत फुगून फुटतात.

चाकाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. पाइपातली तूट वजा जाता १६ मीटर उरले तर धार सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास निघते, आणि चाकाचा कडेचा वेग तिच्या निम्म्याहून थोडा कमी लागतो. १० सेंटिमीटरच्या टर्गो चाकाला (पाण्याची धार तिरकी झेलणाऱ्या वाट्यांचं टर्बाइन) ते मिनिटाला साधारण १,५५० फेरे होतात. ४-पोल मोटरला ५० हर्ट्‌झ द्यायला १,५०० च्या जरा वरच फिरावं लागतं. म्हणजे चाक थेट शाफ्टवर! पट्टा नाही, पुली नाही, आणि पट्ट्याच्या ताणाने बेअरिंग एका बाजूला खाल्लं जाण्याचा प्रश्न नाही.

लोड जास्त झाला की ही मोटर वीजच सोडून देते, जळत नाही. पण मग लोड तोडून पुन्हा सुरू करावी लागते. क्वचित, वीज सुरू व्हायला लागणारं तिचं उरलंसुरलं चुंबकत्व जातं. मोटर थांबवून, कपॅसिटर सोडवून, वाइंडिंगला क्षणभर १२ व्होल्टची बॅटरी टेकवली की काम होतं. लोड कंट्रोलर मात्र हवाच: घरात दिवे बंद झाले की उरलेली वीज पाणी तापवायच्या कॉइलकडे वळवणारा. तो बंद पडला आणि चाक पळालं तरी बेअरिंग घाबरत नाही, कारण त्याच आकाराच्या २-पोल मोटरी रोजच २,९०० च्या वेगाने फिरतात. व्होल्टेज मात्र चढतं, म्हणून ओव्हरव्होल्टेज ट्रिप (व्होल्टेज चढलं की जोडणी तोडणारा स्विच) लावा.

आता बेअरिंग. दोन्ही बाजूंनी रबर सीलची घ्या. शाफ्ट उभा, मोटर वर, चाक खाली. मधे शाफ्टवर रबरची चकती, म्हणजे वर चढणारं पाणी ती बाहेर भिरकावते. मोटरच्या सर्वांत खालच्या जागी असलेला ड्रेनचा बूच काढून ठेवा, नाहीतर आत साचलेलं दव बाहेर जायला वाट नसते. महिन्यातून एकदा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कपावर आणि मूठ कानाला लावून ऐका: चांगलं बेअरिंग घोंघावतं, बिघडणारं खरवडतं. मी खरखरीची वाट न बघता दर दोन वर्षांनी बदलतो.

बाकी देखभालीचा खरा त्रास जनरेटरचा नाही, पाणी पाइपात शिरतं तिथल्या वरच्या जाळीवर अडकणाऱ्या पानांचा आहे. पण तो तुमचा प्रश्न नव्हता.

एक सांगा: ते १२० मीटर सरळ रेषेत मोजलेत की वायर जाईल त्या वाटेने? वायरीची जाडी त्यावर ठरेल.